मुक्या घंटेची सोळा पानं

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या घरातल्यांचं म्हणणं आहे. साफ खोटं! सव्वीस वर्षं मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होते, आणि ग्रंथपालाकडे असतात तेवढी गुपितं तलाठ्याकडेही नसतात. कोण काय वाचतं, कोण नुसतंच नेऊन परत आणतं, कोण कादंबरीच्या आत दुसरंच काहीतरी दडवून नेतं, सगळं मला माहीत. सव्वीस वर्षांत एक अक्षर बाहेर गेलं नाही. आज पहिल्यांदाच एक गुपित फोडते आहे, आणि तेही रीतसर परवानगी काढून.

नेऱ्याहून नांद्याकडे जाताना जी दोनचार गावं लागतात, त्यातलं आमचं एक. ग्रामपंचायतीच्या माडीवर दोन खोल्या, सोळा कपाटं आणि एक खिडकी. मी रुजू झाले तेव्हा खिडकीतून भाताची खाचरं दिसायची. निवृत्त झाले तेव्हा हिंजवडीचे टॉवर दिसायचे आणि कंपन्यांच्या गाड्यांची रांग. वाचक बदलले, मागणी मात्र तीच राहिली. ऐतिहासिक कादंबरी द्या!

आणि ऐतिहासिक म्हणजे काय हवं असतं? लोकांना वाटतं लढाई. छे! पुस्तक मिटून कडेनं बघा, जिथं कट शिजतो तिथली पानं हात लागून लागून काळी पडलेली असतात. लढाईची पानं पांढरीशुभ्र. लोकांना हवी असते चोरवाट, वेषांतर, पगडीत दडवलेला खलिता, फितूर किल्लेदार. आमच्याकडे एक निवृत्त सुभेदार यायचे. ते कपाटापाशी उभ्या उभ्या आधी शेवटचं प्रकरण वाचायचे. "फितूर कोण ते एकदा कळलं ना बाई, की मग पहिल्या पानापासून त्याच्यावर नजर ठेवता येते," म्हणायचे. टॉवरमधली एक इंजिनियर मुलगी दर शनिवारी यायची. "मॅडम, दगाफटका असलेलं द्या ना काहीतरी." मी म्हटलं, अगं, दगाफटका कशाला? तर म्हणाली, "आमच्या ऑफिसात पण असतो हो, पण तिथं घोडे नसतात."

पण या सगळ्यांचा राजा म्हणजे बाबूतात्या. कार्ड नंबर एक्केचाळीस.

तात्यांची शेरडं होती, तीसेक. काही मेंढरं. थोडी शेती, ती पुढे निम्मी राहिली. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, आणि दर बुधवारी माझ्या टेबलावर जाड कादंबरी आदळायची. "झाली बाई. दुसरी काढा. ही लई ब्येस हुती." काय ब्येस होतं विचारलं की अर्धा तास कथा. चहाच्या हॉटेलात तर त्यांच्यासाठी बाकडं राखून ठेवलेलं असायचं. तात्या तिथं बसले की चहा गार व्हायचा पण लोक उठायचे नाहीत. वर्षाला पन्नासच्या आसपास कादंबऱ्या! शाळेतले गुरुजी वाचत नव्हते एवढ्या. मला त्यांचा केवढा अभिमान. तालुक्याच्या बैठकीला गेले की मी छाती काढून सांगायचे, आमच्याकडे शेरडं राखणारा माणूस एवढं वाचतो.

त्यांच्यासोबत कधीमधी त्यांच्या पत्नी यायच्या, हौसाकाकी. दाराशी उभ्या राहायच्या. एकदा पावसातून आल्या होत्या, आणि टेबलावरचं नवंकोरं पुस्तक त्यांनी उचललं. मी झटकन त्यांच्या हातातून काढून घेतलं. "काकी, हात ओले आहेत! डाग पडतील." त्या ओशाळून हसल्या, हात पदराला पुसले आणि परत दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मी विसरून गेले. आता विसरता येत नाही.

आमच्या कामात एक नियम आहे. नवं पुस्तक आलं की नोंदवहीत चढवायच्या आधी त्याची पानं तपासायची. पुस्तक छापतात ते मोठ्या कागदावर सोळा-सोळा पानं मिळून. त्या गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. कधी फर्मा उलटा शिवला जातो, कधी दोनदा येतो, कधी कोराच सुटतो. म्हणून बोटाला थुंकी लावून सगळी पानं उलटायची. कंटाळवाणं काम, पण ते केल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. मी निवृत्त व्हायच्या वर्षी गावातलं एक कुटुंब जमीन विकून पुण्याला राहायला गेलं आणि जाताना पुस्तकांचं खोकं देऊन गेलं. त्यात एक तांबड्या बांधणीची जुनी कादंबरी होती. वेढा पडलेला गड, शत्रूच्या छावणीतून खलिता घेऊन जाणारा हेर, असा सगळा मसाला. मी ती उघडणार तेवढ्यात तात्या जिना चढून आले. "ही नवी दिसतीया!" म्हणाले. मी हुरळले, धाडकन शिक्का मारला आणि दिली. पानं तपासली नाहीत. सव्वीस वर्षांत तेवढीच एक.

आणि काय सांगू, पंधरा दिवसांत गावात दुसरा विषयच नाही! तात्यांनी हॉटेलात त्यातला एक प्रसंग सांगितला, गावानं त्याला नावच दिलं, "मुकी घंटा". हेर धनगराच्या वेषात छावणीच्या नाक्यावर आलाय. पहारेकरी म्हणतो, थांब, अंगरखा काढ. खलिता कमरेला! आता? तेवढ्यात शेरडं घेऊन एक बाई येते, आणि हेराला बघून काय ते ओळखते. पुढे ती जे करते, ते ऐकायला लोक नांद्याहून यायला लागले. मला दर दिवशी चौघे विचारायचे, तांबडी कादंबरी आली का? तात्या दर बुधवारी यायचे आणि मुदत वाढवून न्यायचे. "परत एकदा बघतो बाई, लई गोडी लागलीया."

वाचनालयाचा वर्धापनदिन जवळ आला होता. हिंजवडीतल्या एका कंपनीची माणसं नवी कपाटं देणार होती, म्हणून आमच्या अध्यक्षांच्या अंगात आलं होतं. अध्यक्ष माणूस चांगला, पण माईक दिसला की भान सुटायचं. मीच सुचवलं, यंदा उत्कृष्ट वाचकाचा सत्कार करू, बाबूतात्यांचा. अध्यक्ष म्हणाले, "नुसती शाल काय द्यायची? तात्यांनी ती मुकी घंटा स्टेजवरून वाचून दाखवायची!" पत्रिका छापल्या. तात्यांच्या नावासह.

कार्यक्रमाला तीन दिवस राहिले असताना मी पुस्तक मागवून घेतलं. सत्काराचं पुस्तक, निदान कव्हर तरी घालावं. खाकी कागद दुमडता दुमडता म्हटलं, बघू तरी ही मुकी घंटा. दोनशे आठवं पान. पहारेकरी म्हणतो, "थांब! अंगरखा काढ!" नजर शेजारच्या पानावर गेली.

कोरं.

पुढचं कोरं. त्याच्या पुढचं कोरं. सोळाच्या सोळा पानं पांढरीफटक! दोनशे पंचविसाव्या पानावर हेर गडाच्या दरवाजात पोचलेला. मधे बाई नाही, शेरडं नाही, घंटा नाही. कात्री हातातच राहिली. मग जे गाव डोक्यावर घेऊन नाचतंय ते लिहिलं कुणी?

मी स्कूटरला किक मारली. वाटेत मला एकदा रागही आला आणि एकदा आनंदानं ओरडावंसंही वाटलं. तात्यांनी रचलं! आमच्या गावात लेखक निघाला आणि त्यानं मला पत्ता लागू दिला नाही!

तात्या गोठ्यापाशी शेळीच्या खुराला औषध लावत होते. मी पुस्तक त्यांच्यासमोर उघडून धरलं. "तात्या, हे काय आहे?"

त्यांनी पाहिलं. "काय म्हंजी? पुस्तक हाय."

"ही मुक्या घंटेची पानं आहेत. कोरी आहेत!"

तात्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मला वाटलं चोरी पकडली म्हणून. पण ते पान हातात घेऊन त्यावरून बोट फिरवायला लागले, उलटं-सुलटं करून बघायला लागले. "असं कसं?" म्हणाले. "हितं तर समदं हुतं. तिनं वाचलंय की."

"कुणी?"

शेळी हिसका देऊन पळाली तरी त्यांचं लक्ष नाही. मग खाली बघत म्हणाले, "बाई, मला अक्षर येत न्हाई. म्होरं जाऊन कुनाला सांगू नका."

माझ्या कानांवर विश्वास बसेना. एवढी वर्षं, एवढ्या कादंबऱ्या, एक्केचाळीस नंबर! तेवढ्यात गोठ्यातून काकी बाहेर आल्या. हातात शेणाची पाटी. पुस्तक उघडं बघितलं, काय ते समजल्या, आणि पाटी खाली ठेवली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काकी मामाकडे राहून सातवीपर्यंत शिकलेल्या. लग्न होऊन आल्या तर सासूबाई कडक. बाईच्या हातात पुस्तक दिसलं की घरात काम उरलं नाही असा त्यांचा हिशेब. काकींचा जीव तळमळायचा, ते तात्यांनी ओळखलं आणि स्वतःच्या नावावर कार्ड काढलं. गड्यानं पुस्तक आणलं तर कोण बोलणार? शेरडांमागं बसून शिकला असेल, असंच सगळ्यांना वाटलं. दुपारी शेरडं रवंथ करत बसली की दोघं गोठ्यात. काकी वाचणार, तात्या ऐकणार. बाहेर ओट्यावर सासूबाई बसलेल्या, म्हणून सगळं वाचन कुजबुजून, तात्यांच्या कानाशी. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी तीच सवय.

"पर ही पानं कोरी हायेत!" तात्या अजून तिथंच अडकलेले. "मग तू वाचलंस काय?"

काकी पदराशी चाळा करायला लागल्या. "अवं, त्यो हेर नाक्यावर अडकला हुता. तुमी म्हनला, मग फुडं? तुमचं डोळं असं झालं हुतं, जेवायचं सुदिक थांबला हुता. आता कोरं पान दाखवून काय सांगू? आलं मनात ते म्हनलं."

"म्हंजी मला फसवलंस?"

"व्हय," काकी म्हणाल्या. "चुकलंच माजं."

तात्यांनी पुस्तक मिटलं. रागावणार असं मला वाटलं, पण ते इतकंच म्हणाले, "आन मी गावाला सांगत सुटलो, लेखक लई हुशार हाय म्हून."

आणि मला तेव्हा लख्ख कळलं! आपल्याला आधीच कळायला हवं होतं. त्या बाईनं घंटेचं जे केलं, ते शहरात बसून लिहिणाऱ्याला जन्मात सुचणार नाही. ते शेरडं राखलेल्या माणसालाच सुचणार.

पण आता कार्यक्रमाचं काय? पत्रिका वाटून झाल्या होत्या. तात्यांना स्टेजवर उभं करून पुस्तक हातात देणार होते. सगळ्या गावासमोर त्यांची अब्रू जाणार होती, आणि ती घालवायला मीच नाव सुचवलं होतं. कार्यक्रम रद्द करा म्हणावं तर का म्हणून सांगू? काकींना विचारलं, त्या म्हणाल्या, "मी रचलं आसं कळलं तर लोकं म्हंतील, लबाड हाय बाई. ह्यास्नी हसतील त्ये येगळंच." शेवटी मीच कट रचला. सव्वीस वर्षं कादंबऱ्या हाताळून एवढंही येऊ नये? "तात्या, चष्मा फुटला म्हणायचं. मग कथा तोंडी सांगायची. पुस्तक उघडायचंच नाही. मी शेजारी उभी राहते." तात्या म्हणाले, "माझ्याकडं चष्मा न्हाईच." मी म्हटलं, म्हणूनच फुटला म्हणायचं!

कार्यक्रमाला मंडप गच्च. हिंजवडीची पाहुणेमंडळी पहिल्या रांगेत, फोटोवाला इकडून तिकडे. तात्या धुतलेलं मुंडासं बांधून आले होते. काकी बायकांच्या शेवटच्या ओळीत. शाल झाली, नारळ झाला. अध्यक्ष माईकवर ओरडले, "आणि आता, मुकी घंटा!" टाळ्याच टाळ्या.

"माफी करा मंडळी," तात्या म्हणाले, "चष्मा फुटला. तोंडी सांगतो."

"त्यात काय एवढं!" अध्यक्षांनी स्वतःचा चष्मा काढून तात्यांच्या नाकावर चढवला. लोक हसले. मी गार. तात्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं, मी डोळ्यांनी खुणावलं, घसा! घसा बसलाय म्हणा! ते म्हणाले, "घसा बी बसलाय." अध्यक्ष म्हणाले, "अहो मग द्या इकडं, मी वाचतो!" आणि त्यांनी पुस्तकाला हात घातला.

झालं! मी पुढे धावले, पण अध्यक्षांचा हात पुस्तकावर पडला होता. तात्यांनी पुस्तक छातीशी घट्ट धरलं. दोघांची क्षणभर ओढाताण झाली. मग तात्यांनी चष्मा काढून अध्यक्षांच्या हातात दिला आणि माईकपाशी गेले.

"मंडळी, खोटं बोललो," ते म्हणाले. "चष्मा न्हाई फुटला आन घसा बी न्हाई बसला. मला वाचताच येत न्हाई. साळंचं तोंड बघितलं न्हाई मी."

हॉटेलवाल्याचं तोंड उघडंच राहिलं.

"समदं वाचलंय त्ये हिनं." त्यांनी शेवटच्या ओळीकडे हात केला. "माझी मालकीन. मी निसता कार्ड हाय. सत्कार करायचा तर तिचा करा. ये गं. ये हितं, आन वाच."

बायकांनी काकींना उठवलं, ढकललं. त्या आल्या कशा, स्टेजच्या पायऱ्या चढल्या कशा, त्यांनाही कळलं नसेल. मला फक्त एक दिसत होतं. या माणसानं स्वतःचं गुपित साऱ्या गावासमोर टाकून दिलं, आणि तिचं मात्र छातीशी धरून ठेवलंय. कोऱ्या पानांबद्दल चकार शब्द नाही.

काकींनी पुस्तक घेतलं, अगदी अंगाशी धरलं, आणि उघडलं. तात्या त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले, म्हणजे अध्यक्षांना पान दिसू नये. फोटोवाला जवळ यायला लागला तशी मी त्याच्या आडवी गेले. "मॅडम, जरा बाजूला," तो म्हणाला. मी म्हटलं, फोटो माझा काढ!

आणि काकी वाचायला लागल्या. कुजबुजत.

"काकी, मोठ्यानं!" अध्यक्ष म्हणाले. काकींनी प्रयत्न केला, आवाज निघेना. "मला आसंच येतं वाचाया," त्या म्हणाल्या. तात्यांनी माईक त्यांच्या ओठांशी नेला.

कुजबुज मंडपभर पसरली. हेर नाक्यावर अडकलाय. शेरडंवाली बाई येते. हेराशी भांडायला लागते, "मेल्या, माझी म्होरकी शेळी कुटं हाकलत नेतोस?" त्या झटापटीत खलिता तिच्या हातात. तो ती शेळीच्या गळ्यातल्या घंटेत कोंबते आणि वरून लुगड्याची चिंधी. पहारेकरी हेराची झडती घेतो, काही सापडत नाही. मग त्याचं लक्ष शेळीकडे जातं. घंटा आहे, वाजत का नाही? लोक पुढे वाकले होते. साऱ्या गावाला कथा पाठ, तरी कुणी हलेना. आणि काकी कुजबुजल्या, "शिलेदार, ही म्होरकी हाय. हिची घंटा वाजली की माझी शंभर शेरडं हिच्या मागनं तुमच्या छावनीत शिरतील आन घोड्यांचा चारा फस्त करतील. काढू का चिंधी?" पहारेकरी ओरडतो, "नको! मुकीच ने!"

मंडपात हशा फुटला, टाळ्या, शिट्ट्या. काकी थांबल्या, हशा ओसरू दिला. त्यांचं बोट कोऱ्या कागदावरून डावीकडून उजवीकडे जात होतं, ओळ संपली की खालच्या ओळीवर येत होतं. बोट ओलं करून त्या नेमक्या वेळी पान उलटत होत्या. आठ वेळा उलटलं, मी मोजलं. शेवटी ती बाई छावणीच्या पार जाते, चिंधी उपटते, घंटा खणखणते आणि मागून सगळी शेरडं धावत येतात. मग दोनशे पंचविसावं पान आलं, छापलेलं, आणि काकींनी त्याच्याही दोन ओळी वाचल्या. सांधा कुठे होता ते मलासुद्धा कळलं नाही. मी रडत होते आणि फोटोवाला माझा फोटो काढत होता.

अध्यक्ष डोळे पुसत माईकवर आले. "काय लिहिलंय हो लेखकानं!"

काकींनी पदर तोंडाला लावला. तात्या त्यांच्याकडे बघून म्हणाले, "व्हय. लेखक लई भारी हाय."

दुसऱ्या दिवशी मी एक्केचाळीस नंबरच्या कार्डावर काकींचं नाव घातलं. तात्यांचं नाव खोडू दिलं नाही त्यांनी. "दोगांचं ऱ्हाऊ द्या, ऐकनारा बी लागतो की," म्हणाल्या. आता हे लिहू का विचारायला मागच्या महिन्यात गेले, तर हसून म्हणाल्या, "लिवा की. शेवटल्या पानावर हेराचं नाव सांगावंच लागतं."

मी तांबडी कादंबरी सोबत नेली होती. दोनशे नववं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि पेन दिलं. म्हटलं, काकी, आमच्यात नियम आहे, अपुरं पुस्तक कपाटात ठेवायचं नाही. भरून द्या.

त्या भांडी घासता घासता उठून आल्या होत्या. पेनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हात ओलं हायेत, बाई," त्या म्हणाल्या.

"असू देत," मी म्हटलं, आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं.